जुलाब थांबवण्याची नव्हे, पाणी भरून काढण्याची घाई करा

पावसाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की दवाखान्यांच्या बाकांवर जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात. कुणाचं लहान मूल, कुणाची म्हातारी आई, कुणी लग्नाचं जेवून आलेला तरुण. घरी तोवर काय काय झालेलं असतं, तेही ठरलेलं. पहिलं म्हणजे जेवण बंद, ‘पोटाला जरा आराम’ म्हणून. दुसरं, मेडिकलमधून आणलेली ‘बंद होण्याची’ गोळी. आणि दवाखान्यात शिरल्याबरोबर तिसरं, ‘डॉक्टर, एक सलाईन लावून टाका.’ तिन्ही गोष्टी मायेपोटी होतात. पण गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत आतड्याचा जो अभ्यास झाला, त्यातला बराचसा आपल्याच उपखंडात, तो या तिन्ही सवयींच्या विरोधात जातो. आजारात आतडं काय करतं हे एकदा नीट कळलं की काय करायचं हे पाठ करावं लागत नाही.

आधी निरोगी आतड्याचा हिशेब पाहू. मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला साधारण आठ ते नऊ लिटर द्रव येतो. आपण खाऊन-पिऊन घेतो ते त्यातलं दोनेक लिटर. उरलेला सगळा शरीरानेच ओतलेला असतो : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा स्राव. शौचावाटे यातलं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतं. बाकी सारं परत रक्तात ओढून घेतलं जातं, बहुतेक लहान आतड्यात आणि शेवटचा लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात. आतड्याच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांच्या टोकाकडच्या पेशी पाणी, मीठ आणि अन्न शोषतात. उंचवट्यांच्या बुडाशी असलेल्या खळग्यांतल्या पेशी उलट द्रव सोडतात. सोडणं आणि शोषणं दिवसरात्र एकाच वेळी चालू असतं. सोडणं बेसुमार वाढलं किंवा शोषणं कमी झालं की जुलाब लागतात. काही आजारांत दोन्ही एकदम होतं.

पटकी, म्हणजे कॉलरा, हा यातला सर्वांत भयंकर प्रकार. रुग्णाला तासाला एक लिटरपर्यंत पातळ, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊ शकतात आणि धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. पटकीचा जंतू आतड्याचं अस्तर सोलून काढतो, अशी समजूत बराच काळ होती. अस्तरच उरलं नाही तर तोंडाने दिलेलं पाणी शोषणार कोण? म्हणून शिरेतून सलाईन, आणि तोंड बंद.

ही समजूत मोडणाऱ्यांत पहिलं नाव घ्यायला हवं ते कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांचं. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून बंद केला आणि त्यात पटकीचे जंतू सोडले. आतडं द्रवाने टम्म भरलं. १९५९ मध्ये त्यांनी याच्याही पुढचं दाखवलं. जंतू पूर्णपणे गाळून काढलेलं, नुसतं त्यांनी वाढताना सोडलेलं द्रावण टाकलं तरी तोच परिणाम होतो. म्हणजे जंतू आतडं कुरतडत नाही, तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे पेशी क्षार व पाणी बाहेर फेकत राहतात. त्याच सुमारास बँकॉकमध्ये पटकीच्या रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले गेले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचं दिसलं. डे यांच्या कामाचं मोल त्यांच्या हयातीत देशाने ओळखलं नाही. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. आपल्याकडे मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही ते नाव क्वचितच सांगितलं जातं. याची खंत वाटते.

अस्तर शाबूत आहे, तर मग त्याला शोषायला कसं लावायचं? उत्तर दुसरीकडून आलं. १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्याच्या पेशीवर ग्लुकोज आत नेणारा एक वाहक आहे आणि तो ग्लुकोजबरोबर सोडियमही आत नेतो. एकाला दुसऱ्याची सोबत लागते. दोन्ही आत गेले की त्यांच्या पाठोपाठ पाणी जातं. पटकीचं विष द्रव सोडणारी यंत्रणा बेफाम करतं, पण या जोडवाहकाला ते धक्का लावत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातल्या साखर-मिठाच्या पाण्यामागचं सगळं शास्त्र एवढ्यात आहे. नुसतं मीठ दिलं तर ते नीट शोषलं जात नाही. नुसतं ग्लुकोज दिलं तर शरीरातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. दोन्ही योग्य प्रमाणात हवीत.

१९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी पटकीच्या रुग्णांना असं द्रावण तोंडाने दिलं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. तरीही डॉक्टरमंडळींचा विश्वास बसेना. घरच्या माणसांच्या हाती हा उपचार कसा द्यायचा, ही शंका होतीच.

शंका फिटली ती १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनोबिस काम करत होते. खाटा संपलेल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले, सलाईनचा साठा संपत आलेला. त्यांनी कोलकात्यात ग्लुकोज, साधं मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या : लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. पिंपांत द्रावण कालवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. छावण्यांतलं सुमारे ३० टक्क्यांचं मृत्युप्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. कुठलंही यंत्र नाही, प्रशिक्षित परिचारिकांची फौज नाही. आई, बहीण, नवरा यांच्या हातचा पेला, एवढंच. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळालं.

आता तुमच्या घराकडे येऊ.

औषधाच्या दुकानात किंवा आशाताईंकडे मिळणारी ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी साधारण साडेवीस ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते आधी वाचा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. लिटरची पुडी घेऊन तिच्यातलं चमचाभर पेल्यात टाकायचं आणि उरलेलं घडी घालून ठेवायचं. असं केल्यावर प्रमाण राहत नाही. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. पाणी उकळून गार केलेलं. द्रावण तयार झाल्यावर पुन्हा उकळू नका. त्यात साखर, दूध, सरबत काहीही घालू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवं करा.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग भरून घेऊ नका, वरून बोटाने सपाट करा. चव घेऊन पाहा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते टाकून पुन्हा करा. जास्त मीठ तान्ह्या मुलाला घातक ठरू शकतं. साखर वाढवूनही फायदा नाही, तोटाच आहे. आतड्यात रक्तापेक्षा दाट द्रावण गेलं की पाणी रक्तातून उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. याच कारणाने कोल्ड्रिंक, पॅकबंद फळांचे रस आणि ताकद यावी म्हणून पाजलेलं घट्ट ग्लुकोजचं पाणी जुलाबात नकोत. खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये आपल्या सूत्रातलं मीठ आणि ग्लुकोज कमी केलं, द्रावण पातळ केलं. त्यामुळे जुलाबाचं प्रमाण सुमारे २० टक्के, उलट्या ३० टक्के आणि शिरेतून सलाईन द्यायची वेळ ३३ टक्के कमी झाली.

दुकानात ओआरएसच्या शेजारीच तसल्याच दिसणाऱ्या गोड पेयांचे रंगीत डबे मांडलेले असतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायची मुभा काढून घेतली, ते योग्यच झालं. तरी घेताना पाकीट उलटून पाहा. लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असं लिहिलेलं असेल तीच खरी जलसंजीवनी.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. त्याहून मोठ्यांना जेवढं पिववेल तेवढं. तान्ह्याला बाटलीने नव्हे, वाटी-चमच्याने. मूल ओकलं म्हणून हात आखडू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा देत राहा. हे काम कंटाळवाणं असतं, रात्री तर फारच. घरातल्या दोघांनी पाळी वाटून घ्या. आईनेच जागायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. जलसंजीवनीने जुलाब ताबडतोब थांबत नाहीत. ते तिचं काम नाही. ‘दोन पेले पाजले तरी फरक नाही’ म्हणून अनेक जण ती सोडून देतात. विष किंवा विषाणू निघून जाईपर्यंत, म्हणजे बहुधा तीन ते सात दिवस, शौच पातळ राहणारच. तेवढ्या काळात शरीर कोरडं पडू द्यायचं नाही, हे तुमचं काम.

सलाईनबद्दलही बोललं पाहिजे. शुद्ध हरपलेल्या, नाडी न लागणाऱ्या, काहीच पिऊ न शकणाऱ्या रुग्णाला सलाईनने जीवदान मिळतं, यात वाद नाही. पण जो पिऊ शकतो त्याला सुईची गरज नसते. त्याचं आतडं तेच काम करायला तयार असतं. मग डॉक्टर सलाईन, प्रतिजैविकं, गोळ्या का देतात? कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ओआरएस न लिहून देण्यामागचं सर्वांत मोठं कारण निघालं ते हे : रुग्णांना ओआरएस नको असतं, असा डॉक्टरांचा समज. ज्यांनी आपण होऊन ओआरएसची इच्छा सांगितली, त्यांना ते मिळण्याचं प्रमाण खूप वाढलं. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर आधी म्हणा, ‘डॉक्टर, बाळाला ओआरएस आणि झिंक सुरू करायचंय, बाकी काही लागेल का ते बघा.’ या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलू शकते.

आता पोटाच्या आरामाविषयी. लहान मुलांच्या जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे रोटा विषाणू. मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या पेशींत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याची रीत पटकीपेक्षा वेगळी. तो अस्तराच्या उंचवट्यांच्या टोकांवरच्या, शोषणाऱ्या पेशी मारतो. पण हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं. खालून नव्या पेशी वर सरकतात. या पेशींना त्यांचं बरंचसं पोषण थेट आतड्यातून जाणाऱ्या अन्नातून मिळतं. उपास घडवला तर दुरुस्ती लांबते आणि आधीच अशक्त मूल आणखी खालावतं. म्हणून अंगावरचं दूध एकदाही थांबवू नका, उलट जास्त वेळा पाजा. मोठ्या मुलांना मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, खिचडी, ताक-भात, कुस्करलेलं केळं, थोडं तूप किंवा तेल घालून, थोडं थोडं पण वारंवार. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या.

दुधाचं म्हणाल, तर ते पचवणारा पाचक रस याच टोकांवरच्या पेशींत तयार होतो. त्यामुळे रोटानंतर काही मुलांना गाई-म्हशीचं दूध काही दिवस सोसत नाही. शौच फेसाळ, आंबूस होतं आणि ढुंगण लाल पडतं. असं दिसलं तर थोडे दिवस दुधाऐवजी दही-ताक द्या आणि डॉक्टरांना सांगा. आईच्या दुधाला हे लागू नाही.

आपल्याकडची तांदळाची मीठ घातलेली पेज मला फार मोलाची वाटते, आणि त्याला आधार आहे. पिष्टाचे रेणू मोठे असतात. ते आतड्यात हळूहळू तुटून ग्लुकोज देतात, पण द्रावण दाट होत नाही. पटकीच्या रुग्णांत तांदळाच्या पिठाचं ओआरएस ग्लुकोजच्या जुन्या ओआरएसपेक्षा सरस ठरलं. वेल्लोरच्या बी. एस. रामकृष्ण यांनी २००० मध्ये याच्या पुढचा टप्पा गाठला. लहान आतड्यात न पचणारं पिष्ट त्यांनी ओआरएसमध्ये मिसळलं. ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवून काही आम्लं तयार करतात आणि ती आम्लं मोठ्या आतड्याला मीठ-पाणी शोषायला लावतात. पटकीच्या रुग्णांचे जुलाब त्याने कमी झाले. घरची पेज ओआरएसची जागा घेत नाही, पण ओआरएसच्या जोडीला ती जरूर द्या. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं पण सोडियम फार कमी. तेही जोडीलाच, बदली म्हणून नाही.

झिंकची गोळी आपल्या घरांत अजून रुजलेली नाही. दिल्लीच्या मुलांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झिंक दिलेल्या मुलांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. झिंक नव्या पेशी घडवायला आणि प्रतिकारशक्तीला लागतं आणि जुलाबात ते वाहून जातं. सरकारी कार्यक्रमात दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांपुढे २० मिलिग्रॅम, असं चौदा दिवस दिलं जातं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता त्याने कमी होते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण साठांना ओआरएस आणि जेमतेम तिसांना झिंक मिळाल्याचं दिसलं. दोन्ही सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

बंद होण्याच्या गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात. आतडं जंतू आणि विष ढकलून बाहेर काढत असताना तिथेच त्यांना कोंडून ठेवायचं, असा त्याचा अर्थ. लहान मुलांना त्या कधीही देऊ नका आणि शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नका. पाण्यासारख्या बहुतेक जुलाबांत प्रतिजैविकंही लागत नाहीत. विषाणूवर ती चालत नाहीत. रक्ताची आव, पटकी अशा ठरावीक आजारांतच डॉक्टर ती देतात. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या काढू नका. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जुलाब लागल्यावर डॉक्टरांना फोन करून त्या चालू ठेवाव्यात का ते विचारावं. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेल्यांनी पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्यावं.

घरी थांबू नये अशी वेळ कशी ओळखायची? बाळाची टाळू खोल गेलेली, डोळे आत गेलेले, रडताना अश्रू नाहीत, सहा तासांत लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसते, मूल मलूल पडलंय किंवा पाणी घेतच नाही, शौचात रक्त, सतत उलट्या, मोठा ताप. यातलं काहीही दिसलं की निघा, आणि वाटेतही चमच्याने ओआरएस पाजत राहा. म्हाताऱ्या माणसांत तहान लवकर जाणवत नाही. त्यांना चक्कर येणं, असंबद्ध बोलणं हीच पहिली खूण असू शकते.

आणखी एक खूण पुण्याने आपल्याला शिकवली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गीयाँ बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं, ती क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. असं फार थोड्यांना होतं, घाबरून जायचं कारण नाही. पण जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं, चेहरा किंवा हात कमजोर होणं असं काही सुरू झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

घरात बाळ जन्मलं की त्याला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात रोटाची लस पाजून घ्या. महाराष्ट्रात २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात मोफत आहे. रोटाच्या लसींपैकी एका भारतीय लसीच्या मोठ्या चाचणीत पुण्याजवळच्या वढू परिसरातली बाळंही सहभागी होती. लस सगळे जुलाब टाळत नाही, पण रोटाचे जीवघेणे जुलाब बऱ्याच अंशी टाळते. पाणी उकळून पिणं आणि शौचानंतर व जेवण करण्याआधी साबणाने हात धुणं तर आहेच.

आणि आजच, कुणाला जुलाब लागायच्या आधी, लिटरच्या दोन-तीन पुड्या घरात आणून ठेवा, त्यांच्यावरची मुदत पाहा आणि एक लिटर मोजायची बाटली त्यांच्याच शेजारी ठेवा. शेजारच्या घरात तान्हं मूल असेल तर त्यांनाही एक द्या.